अडखळला की पहिल्यापासून

शंकर नगर, रायपूर
९ सप्टेंबर २०२४

ती. स्व. काकाजी,

नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं तुम्ही उघडून बघत नाही, म्हणून कागद-पेन घेऊन बसले आहे. ऑफिसात दिवसभर हिंदीत टिपणं लिहून हात असा वळला आहे की मराठीतसुद्धा मध्येच 'कृपया अवलोकनार्थ' येतं. चुका दिसल्या तर लाल पेनाने खुणा करून पत्र परत पाठवा. तेवढीच तुमची करमणूक.

काम असं आहे. अनुश्रीच्या शाळेने यंदा वाचनालयाची खोली बंद केली. पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवली आणि पाचवीच्या प्रत्येक मुलाला टॅबलेट दिला. त्यात गोष्ट उघडली की एक बाई ती वाचते आणि वाचेल तो शब्द पिवळा होत जातो. मग मुलाने वाचायचं. यंत्र ऐकतं आणि शंभरापैकी गुण देतं. अनुश्रीला पंचेचाळीस मिळाले. सोळा नोव्हेंबरला पालकांसमोर मंचावर प्रकट वाचन आहे आणि साठाच्या खाली राहतील त्यांना वेगळ्या तुकडीत बसवणार आहेत. शाळा त्या तुकडीला काही गोड नाव देईल, पण पोरं काय म्हणतील ते तुम्हाला सांगायला नको.

ही तीच पोट्टी आहे जी चार वर्षांची असताना पुस्तक उलटं धरून मनाने गोष्ट सांगायची. गेल्या उन्हाळ्यापर्यंत तिला जेवतानाही पुस्तक लागायचं. मागच्या आठवड्यात खोलीत गेले तर टॅबलेटमधली बाई वाचत होती आणि आमची लाडाची लेक पिवळ्या शब्दाखालून नुसतं बोट फिरवत ऐकत होती. मी म्हटलं, ही चोरी आहे. टॅबलेट कपाटावर ठेवून दिला.

आणि तुमचा नियम सुरू केला. दिवेलागणीला मोठ्याने एक पान, अडखळली की पहिल्यापासून. मंचावर हिंदीचं पान असेल, पण मी मराठी वाचून घेते, अक्षरं तर तीच. आईवडील गेल्यावर तुम्ही मला आणि सुशीलदादाला पुरानी बस्तीतल्या त्या दोन खोल्यांत आणलंत, तेव्हा ह्याच नियमाने मला पुस्तकं दिली. त्यांच्याशिवाय माझं काय झालं असतं, मला विचारही करवत नाही. अनुश्रीलाही तेच मिळावं एवढंच मागते आहे. कोणती पुस्तकं घ्यावी ते कळवा.

तुमची,
कौमुदी

तुमसर
१६ सप्टेंबर २०२४

चि. कौमुदीस आशीर्वाद.

तुझ्या पत्रात तीन चुका आहेत. कुठे ते सांगत नाही, पत्र तुझ्याजवळ नाही म्हणून चांगली तळमळ होऊ दे.

टॅबलेट कपाटावर ठेवलास हे बरं केलंस. कानांनीच वाचायचं असतं तर देवाने डोळे कशाला दिले? यंत्राला पोराचं नाक वाहतं आहे की पोर घाबरलं आहे हे कळत नाही, आणि म्हणे ते गुण देणार. उद्या मुलांच्या वतीने जेवेलही. चौतीस वर्षं मराठी शाळेत मी प्रकट वाचन घेतलं. पहिले दोन महिने मूल रडतं, तिसऱ्या महिन्यात त्याची जीभ सुटते आणि मग त्याला पुस्तकापासून ओढून काढावं लागतं. तूच त्याचा पुरावा आहेस. नियम ढिला करू नकोस.

सहा पुस्तकांचं पार्सल पाठवतो आहे. मोठ्या टाइपाची आहेत.

एक विचारतो. पोट्टीचा आवाज कसा आहे, बारीक की खणखणीत? वाचायला बसवशील तेव्हा समोर बसव, बाजूला नको.

रत्नाकर

शंकर नगर, रायपूर
५ ऑक्टोबर २०२४

ती. स्व. काकाजी,

पार्सल मिळालं. अनुश्रीने पुस्तकं हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली.

मागच्या पत्रात नियम सुरू केला एवढंच लिहिलं होतं. छान काही चाललेलं नाही. आधी पानात चार ठिकाणी अडायची, आता पहिल्याच ओळीत अडते. काल एक पान अकरा वेळा पहिल्यापासून झालं. बाहेर दुर्गेच्या मंडपात ढोल वाजत होते, तिच्या मैत्रिणी खालून हाका मारत होत्या, आणि मी दार लावून बसले होते. बाराव्या वेळी तिने तोंडच उघडलं नाही. मी हात उगारला, मारलं नाही. पण उगारला हे खरं आहे.

ती मराठी सगळं समजते आणि उत्तर हिंदीत देते हे तुम्हाला माहीतच आहे. आता हिंदीतही देत नाही. पाणी हवं असलं तरी पेला पुढे करते. डोक्यावरचे केस एकेक करून उपटते, कानामागे रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. यशदीप म्हणतो, बंद कर हे सगळं. नवऱ्याला बोलायला काय जातं, पंधरा दिवस कोरब्याला नोकरीवर आणि पंधरा दिवस घरी. सोळा नोव्हेंबरला मंचासमोर मला बसायचं आहे.

आवाजाचं विचारलंत. बारीक आहे, सुशीलदादासारखा.

त्याचं नाव निघालंच आहे तर विचारते. तो अडखळायला कधी लागला? तोही त्याच सतरंजीवर माझ्याबरोबर बसायचा, पान तेच, नियम तोच. मी पुस्तकांत गेले आणि तो आठवीत नापास होऊन गुढियारीच्या गोदामात गेला. आपल्या घरात ह्यावर कोणी कधी बोललं नाही. त्याच्या वेळी काय चुकलं ते सांगा, म्हणजे मी ते टाळीन.

कौमुदी

तुमसर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. कौमुदीस आशीर्वाद.

सुशीलची गोष्ट वेगळी होती. त्याचं लक्ष नव्हतं. प्रत्येक मुलात वाचायची ओढ असतेच असं नाही, मास्तर ती बाजारातून आणून देऊ शकत नाही. जुनं उकरून तुझ्या मुलीला काही उपयोग नाही.

मूल हट्टाला पेटलं की आईने माघार घ्यायची नसते. सोळा नोव्हेंबर जवळ आहे. चालू ठेव.

इकडे पाय दुखतो, बाकी ठीक.

रत्नाकर

शंकर नगर, रायपूर
२४ ऑक्टोबर २०२४

काकाजी,

परवा मंगळवारी अनुश्री शाळेतून घरी आली नाही.

व्हॅनवाल्याने सांगितलं, ती व्हॅनमध्ये बसलीच नाही. मी ऑफिसातून निघाले. नवा रायपूरहून घरी यायला पाऊण तास लागतो, त्या पाऊण तासात मी काय काय पाहिलं ते लिहीत नाही. शाळा, मैत्रिणींची घरं, बाजार, शेवटी पोलीस ठाणं. तिथे हवालदाराने विचारलं, बच्ची घर में परेशान थी क्या? मी नाही म्हणाले. पोलिसांसमोर खोटं बोलले, काकाजी.

साडेसातला यशदीपचा कोरब्याहून फोन आला. ती सुशीलदादाच्या गोदामात होती. एकटी ई-रिक्षा करून गुढियारीला गेली होती, तांदळाच्या पोत्यांवर झोपली होती. दादाने साडेचारपासून मला नऊ फोन केले होते, शेवटी यशदीपला केला. त्याचं नाव स्क्रीनवर दिसत होतं आणि मी उचलत नव्हते, कारण मला वाटलं, ह्या वेळी ह्याच्याशी कोण बोलत बसणार. भाऊबीजेला वर्षातून एकदा भेटतो आम्ही, एकाच शहरात राहून.

गोदामात पोचल्यावर मी तिला विचारलं, इथेच काहून आलीस? तीन आठवड्यांनी तिचा आवाज ऐकला. "मामा पढ़ने को नहीं बोलते।"

दादा तिथेच उभा होता. तुमचा नियम मी घरात चालवते आहे हे त्याला तिच्याकडून कळलं होतं. हमाल गेल्यावर तो मला म्हणाला, "मी कधीच अडखळलो नाही, कौमुदी. एक दिवस बी नाही. तू तर तिथंच बसली राहे."

मी तिथंच बसलेली असायची. आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. तो बरोबर वाचायचा. हळू वाचायचा, पण बरोबर. ओळ सरळ पुढे जात असताना तुम्ही मध्येच 'पहिल्यापासून' म्हणायचात, आणि मला ऐकू येत असायचं की त्याचं काही चुकलेलं नाही. मी गप्प बसायची. ज्याचं पान आधी पुरं होईल त्याला शाळेच्या कपाटातलं नवं पुस्तक, ही तुमची रीत होती. दर शनिवारी ते पुस्तक माझ्याकडे यायचं. त्याचं पान पुरं झालं असतं तर त्याला मिळालं असतं. मी आठ वर्षांची होते, पण इतकं मला कळत होतं.

आता तुम्ही सांगा. त्याचं वाचणं तुम्हाला तेव्हा ऐकू येत होतं की नाही? हो किंवा नाही, एवढंच लिहा. माझी पोरगी कानामागचे केस उपटते आहे आणि सोळा तारखेला तेवीस दिवस आहेत. ह्या नियमात खोट असेल तर मला आज कळायला हवी.

कौमुदी

शंकर नगर, रायपूर
४ नोव्हेंबर २०२४

काकाजी,

दिवाळी झाली, भाऊबीजही झाली. तुमचं उत्तर नाही. स्पीड पोस्ट दोन दिवसांत पोचतं आणि तुमच्या सहीची पावती माझ्याकडे आहे.

वाचन मी बंद ठेवलं आहे, सोडलेलं नाही. दिवेलागणीला अनुश्री आपली आपण सतरंजीवर येऊन बसते, पुस्तक समोर ठेवते आणि माझ्याकडे बघते. मी काही बोलले नाही तरी अर्धा तास तशीच बसते. मला त्या अर्ध्या तासाची भीती वाटायला लागली आहे.

कौमुदी

तुमसर
६ नोव्हेंबर २०२४

चि. कौमुदी,

नाही. ऐकू येत नव्हतं.

तुझं आधीचं पत्र बारा दिवस उशाखाली ठेवलं. पाच वेळा उत्तर लिहिलं आणि फाडलं. त्यातल्या चारांत मी स्वतःला सोडवून घेतलं होतं.

अठ्ठ्याऐंशी साली तापाने माझा डावा कान गेला. डॉक्टरने सांगितलं, उजवाही हळूहळू जाईल. शाळेत कळलं असतं तर मला वर्गावरून काढलं असतं. घरात एक पगार, तुम्ही दोन पोरकी मुलं नुकतीच आलेली. मी कुणाला सांगितलं नाही. वर्गात बाकांच्या मधून फिरत फिरत ऐकायचो, लोक म्हणायचे, गुरुजी किती मन लावून शिकवतात. घरी सतरंजीवर तू माझ्या उजवीकडे बसायचीस आणि सुशील डावीकडे, दाराजवळ. तुझा आवाज तीन घरं ओलांडून जायचा. त्याचा बारीक. त्याच्या वाक्याचा मधला भाग मला पोचतच नसे. जिथे पोचला नाही तिथे मी समजायचो की पोरगा अडला, आणि म्हणायचो, पहिल्यापासून.

पहिलं वर्ष मला खरंच वाटत होतं की तो अडखळतो. एवढं माझ्या बाजूने धर, पुढचं धरू नकोस.

दुसऱ्या हिवाळ्यात तुझ्या वीणाकाकूने मला आत बोलावून सांगितलं, "पोट्टा बराबर वाचून राहिला. तुमालेच आयकू येत नाही." मी तिच्याशी चार दिवस बोललो नाही. आणि पाचव्या दिवशी सुशीलला पुन्हा डावीकडेच बसवलं. त्याला उजवीकडे घेतलं असतं तरी पुरलं असतं. हातभर जागा बदलायची होती. पण का बदलली हे कुणीतरी विचारलं असतं. मला माझी नोकरी वाचवायची होती आणि त्याहून जास्त माझा गुरुजीपणा वाचवायचा होता. सहा वर्षं मी त्या मुलाला रोज संध्याकाळी सांगितलं की तुला वाचता येत नाही, आणि सातव्या वर्षी त्याने ते मानलं.

मागच्या पत्रात त्याचं लक्ष नव्हतं असं लिहिलं, तेव्हाही मी ह्या वयात तेच करत होतो. तुला अनुश्रीला समोर बसवायला सांगितलं, खरं कारण लिहिलं नाही.

नियम बंद कर. तिला तसं स्पष्ट सांग. नियम चुकीचा होता आणि तो ज्याने काढला त्याला ऐकू येत नव्हतं, हे सांग. सोबत सुशीलसाठी वेगळा लिफाफा आहे. मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. मी रायपूरला येऊन त्याच्यासमोर बसायला तयार आहे, तो म्हणेल तेव्हा. तू गप्प बसलीस त्याचं ओझं घेऊ नकोस. सांगायचं काम माझं होतं.

रत्नाकर

शंकर नगर, रायपूर
१८ नोव्हेंबर २०२४

काकाजी,

पत्र नऊ तारखेला मिळालं. त्याच संध्याकाळी मी सतरंजी गुंडाळली आणि अनुश्रीला सगळं सांगितलं, तुमचंही आणि माझंही. तिने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "फिर कब से चालू करोगी?" मी म्हटलं, कधीच नाही. तिला ते खरं वाटलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ती येऊन नुसत्या फरशीवर बसली.

सोळा तारखेला ती मंचावर गेली. जाऊ नकोस असं मी म्हटलं होतं, तरी गेली. चार ओळी वाचल्या, इतक्या हळू की पहिल्या रांगेतही कुणाला कळलं नसेल, आणि खाली उतरून आली. अडतीस गुण. आजपासून ती त्या वेगळ्या तुकडीत आहे. मला लाज वाटली नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मिनिटभर वाटली, मग त्या मिनिटाची वाटली.

नव्या तुकडीच्या मॅडमने मला बोलावलं होतं. त्या म्हणाल्या, काही मुलं आधी कानाने शब्द धरतात आणि मग डोळ्याने ओळखतात. ऐकता ऐकता बोट फिरवत होती ना, तशीच ती वाचायला शिकत होती. मी त्याला चोरी म्हटलं होतं. टॅबलेट कपाटावरून काढून दिला आहे. माझ्यासमोर ती तो लावत नाही. आणि पुस्तकाला हातही लावत नाही, तुमच्या नाही आणि तिच्या जुन्या आवडत्यांनाही नाही. पुन्हा लावेल की नाही मला माहीत नाही. ती पुस्तकांवर जीव टाकणारी पोर होती, आणि ते मी दोन महिन्यांत घालवलं.

तुमच्यावर मी रागावले आहे. वयाकडे बघून राग गिळावा असं मनात आलं होतं, पण घरात गिळून गिळूनच हे झालं. मला वाटायचं, पुस्तकांचं वेड हे माझं स्वतःचं आहे, माझ्या हुशारीचं. मला पुस्तकं मिळाली ती मी उजवीकडे बसले म्हणून. कपाटातलं एखादं पुस्तक उघडलं की आता आधी हे आठवतं.

दादाला लिफाफा नेऊन दिला. मी वाचून दाखवू का विचारलं, तर नको म्हणाला. शर्टाच्या खिशात ठेवला आणि गाडी भरायला गेला.

कौमुदी

गुढियारी, रायपूर
१ डिसेंबर २०२४

काकाजी, नमस्ते.

तुमचं पत्र मी वाचलं. मीच वाचलं, तीन दिवस लागले. दिवसभर मालाच्या पावत्या, बिल्टी अन चालान वाचतो, पण ते एकेक ओळीचं राहते. एवढं लंबं मी कधी वाचलं नव्हतं. अक्षर तुमचं अजून फळ्यासारखंच आहे.

मले वाटे का खोट माझ्या डोक्यातच आहे. माझी स्वरदा लहान होती तवा ती वाचायले बसली का मी उठून बाहेर जाओ. भेव वाटे का बापाचं लागन तिले. घरात मी एक पुस्तक येऊ नाही दिलं, कौमुदीनं आणलं तर परत देल्लं. पोट्टी बी. कॉम. झाली, पण कोर्सच्या बाहेरचं पान तिनं उघडलं नाही. हे तुम्हाले माहीत नव्हतं म्हणून लिहून राहिलो.

नोकरीसाठी लपवलं ते मले समजते. दोन पोट्टे अन एक पगार, मी पण धंदा करतो. काकूनं सांगितल्यावर बी मले तिथंच बसवलं, ते समजून नाही राहिलं. माफीचं मी अजून ठरवलं नाही. हव, माफ केलं, म्हणून टाकलं तर खोटं होईल.

अनुश्री शनिवार-रविवार इथं येते. कौमुदी सोडून देते अन निघून जाते, थांबत नाही. पोट्टी पोत्यांवर बसून कानाले टॅबलेट लावते. मागच्या रविवारी टॅबलेटची बॅटरी गेली. मले वाटलं आता घरी सोडून द्या म्हणन. तर दफ्तरातून एक पुस्तक काढलं. कोणतं ते मले दिसलं नाही, मी वजनाचा काटा सोडून उठलो नाही. एक घंटा ती पोत्यांवर होती अन पानं उलटायचा आवाज येऊन राहिला होता. कौमुदीले हे मी सांगितलं नाही. ती धावत येईल अन पोट्टी बंद करून टाकन.

तुम्ही येतो म्हणून लिहिलं. या. पंधरा तारखेले रविवार आहे, त्या दिवशी लोडिंग नसते. अनुश्रीले सांगितलं का काकाजी येऊन राहिले, पण त्यायले आता काहीच ऐकू येत नाही. तिनं थोडा विचार केला अन बोलली, "तो मैं लिखके दूँगी।" तवापासून बिल्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूनं लिहून राहिली. चार कागद झाले. काय लिहिलं ते मी विचारलं नाही, तुम्ही बी विचारू नका. ती देईल तवा घ्या, अन मनातच वाचा.

सुशील